स्वतः बनवलेली साधी वेबसाइट गुगलवर वर कशी आणावी: देवबागच्या अंगणातून

आमच्या घराचा पत्ता देवबागमध्ये, म्हणजे मालवणजवळच्या आमच्या गावात, कुणालाही विचारा. रस्ता संपत आला की डावीकडे विहीर, विहिरीमागे माडांची बाग, तिथं हाक मारा. गुगलला मात्र ती विहीर माहीत नव्हती. एका पावसाळ्यात तीन खोल्या रिकाम्या होत्या आणि हाताशी वेळ होता, तेव्हा मी बसून आमच्या घरगुती निवासाची पाच पानांची वेबसाइट बनवली. साधं एचटीएमएल, थोडं सीएसएस, बाकी काही नाही. पुढचे सहा महिने ती साइट बघणारी माणसं दोनच होती, मी आणि ठाण्याची माझी बहीण. शेजारचा बाबू येता-जाता विचारायचा, "काय रे, तुझी वेबसाइट गुगलार खंय दिसणा नाय ती?"

दिसत नव्हती, कारण मी साइट बनवली होती आणि गुगलच्या दृष्टीने ती वाचण्याजोगी केलीच नव्हती. त्यानंतर जे जे करत गेलो ते इथं क्रमाने सांगतो. तुमचा व्यवसाय खोल्यांचा असो, आंब्याचा, कोकम-काजूचा किंवा होडीचा, क्रम हाच ठेवा. पहिल्या दोन पायऱ्या झाल्याशिवाय पुढच्यांना हात घालू नका. पाया न घालता कौलं चढवल्यासारखं होतं.

आधी बघा, गुगलला तुम्ही माहीत तरी आहात का

गुगल तीन वेगळी कामं करतं. त्याचा प्रोग्रॅम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर फिरत पानं वाचतो, हे क्रॉलिंग. वाचलेलं पान आपल्या साठ्यात नोंदवतो, हे इंडेक्सिंग. कुणी काही शोधलं की नोंदलेल्या पानांमधून क्रम लावतो, हे रँकिंग. लोक थेट रँकिंगची चिंता करत बसतात. ज्याची नोंदच नाही त्याचा क्रम कसला?

तपासणी एका मिनिटाची आहे. गुगलच्या शोधपट्टीत रोमन लिपीत 'साइट' लिहा, लगेच अपूर्णविराम (:) द्या आणि जागा न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता लिहा. तुमची पानं आली तर नोंद आहे. काहीच आलं नाही तर नोंद नसण्याची शक्यता जास्त, पण यावरून पक्का निष्कर्ष काढू नका. खरं उत्तर 'गुगल सर्च कन्सोल'मध्ये मिळतं. ते फुकट आहे आणि साइट असलेल्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी उघडावं.

तिथं मालकी सिद्ध करावी लागते. पूर्ण डोमेन, म्हणजे साइटचं विकत घेतलेलं नाव, नोंदवायचं असेल तर ते जिथून घेतलं तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये (हे नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते तिथं लिहिलेलं असतं) गुगलने दिलेली एक ओळ टाकायची. हे जमत नसेल तर 'यूआरएल प्रीफिक्स' पर्याय घ्या, त्यात गुगलने दिलेली एक छोटी फाइल साइटवर चढवली की काम झालं. मी हा दुसरा मार्ग घेतला. मग 'यूआरएल इन्स्पेक्शन'मध्ये एकेक पत्ता टाकून बघा: पान नोंदलंय का, नसेल तर का नाही, सगळं लिहून येतं.

माझ्या बाबतीत उत्तर लाजिरवाणं निघालं. मी एक तयार साचा उतरवून घेतला होता आणि त्याच्या डोक्यावर 'नोइंडेक्स' अशी एक ओळ होती. म्हणजे मीच गुगलला सांगत होतो की बाबा, हे पान नोंदवू नकोस. त्याने सहा महिने इमानेइतबारे ऐकलं. वर्डप्रेसवर साइट असेल तर सेटिंगच्या 'रीडिंग' पानावर सर्च इंजिनांना परावृत्त करणारी एक चौकट असते. साइट बनवताना तिथं बरोबरची खूण केलेली असते आणि नंतर काढायची राहून जाते. 'रोबॉट्स डॉट टीएक्सटी' ही फाइल असेल तर तीही उघडून बघा. त्यात 'डिसअलाउ' शब्दापुढे नुसती तिरकी रेघ असेल तर सगळ्या साइटला टाळं आहे असं समजा.

मग साइटमॅप. तुमच्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची एक एक्सएमएल यादी, जी सर्च कन्सोलमध्ये द्यायची. साधारण ५०० पानांहून लहान आणि आतून नीट जोडलेल्या साइटला तिची गरज पडेलच असं नाही, हे गुगलच सांगतं. पण दहा मिनिटांचं काम आहे, करून टाका.

एक गोष्ट इथंच उरकून घ्या. साइटचा पत्ता एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, पुढे तिहेरी डब्ल्यू असलेला आणि नसलेला, असा चार तऱ्हांनी उघडू शकतो. चारपैकी एक निवडा आणि बाकी तिन्ही कायमच्या म्हणजे ३०१ रीडायरेक्टने त्यावर वळवा. एचटीटीपीएस म्हणजे सुरक्षित जोडणीचा पत्ता. क्रम लावताना तो एक हलका संकेत धरला जातो, असं गुगलने २०१४ मध्येच जाहीर केलंय. त्यासाठी लागणारं 'लेट्स एन्क्रिप्ट'चं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवाले, म्हणजे साइट ठेवायला जागा देणारे, ते आपोआप बसवून देतात.

मराठी मजकूर गुगलला मराठी दिसतोय का

ही पायरी इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही आणि आपल्याकडे घोळ नेमका इथंच होतो.

तुमचं माहितीपत्रक मालवणच्या किंवा कणकवलीच्या डीटीपीवाल्याकडून करून घेतलं असेल, तर तो मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. या फॉन्टांमध्ये पडद्यावर 'समुद्रकिनारा' दिसतो, पण आत साठवलेली अक्षरं रोमन असतात. फॉन्ट काढला की उरते निव्वळ गिचमीड. गुगल आतली अक्षरं वाचतं. तपासायची युक्ती सोपी: तुमच्या साइटवरची एक ओळ कॉपी करा आणि मोबाइलच्या नोट्समध्ये चिकटवा. तिथं मराठी आली तर ठीक. नाही तर सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे जिथं मराठी अक्षर आतही मराठीच साठवलं जातं, बदलून घ्या किंवा पुन्हा टाइप करा. नोटो सान्स देवनागरी, मुक्ता, बलू असे चांगले युनिकोड फॉन्ट फुकट आहेत.

दुसरा घोळ व्हॉट्सॲपने शिकवलाय. दरपत्रक, जेवणाचा मेनू, फोन नंबर, सगळं एका रंगीत चित्रात छापायचं आणि तेच चित्र साइटवर लावायचं. देवळाच्या जत्रेच्या बॅनरसारखं छान दिसतं, पण चित्रातल्या मजकुरावर भिस्त ठेवू नका. चित्रात असलेलं 'बांगडा थाळी' आणि पानावर अक्षरांत लिहिलेलं 'बांगडा थाळी' यांत गुगलच्या लेखी फार अंतर आहे. शिवाय ज्याला कमी दिसतं आणि जो फोनला पान वाचायला लावतो, त्यालाही त्या चित्रातून काही कळत नाही.

एका पानावर एकच भाषा ठेवा. मराठी पान वेगळं, इंग्रजी पान वेगळं, आणि दोन्ही एकमेकांकडे 'एचरेफलँग' या, दुसऱ्या भाषेतलं पान कुठं ते सांगणाऱ्या कोडमधल्या खुणेने दाखवलेली. ही खूण दोन्ही बाजूंनी हवी, एकाच पानावर असेल तर ती धरली जात नाही. पानाच्या कोडमध्ये 'लँग' गुणधर्म मराठीचा ठेवा. गुगल भाषा ओळखायला तो बघत नाही, मजकूरच बघतं, पण ब्राउझरला आणि पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तो लागतो.

पानाचा पत्ता मात्र रोमन लिपीत ठेवावा असं माझं मत. देवनागरी पत्ता चालतो, गुगलची त्याला हरकत नाही. पण तो व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्याच्या चिन्हांची माळ होते. देवनागरीचं एकेक चिन्ह त्या रूपात नऊ अक्षरांचं होतं. 'तारकर्ली' या एका शब्दात अशी आठ चिन्हं, म्हणजे बहात्तर अक्षरं. असला पत्ता आला की पाहुण्याला वाटतं व्हायरस पाठवला.

लोक काय विचारतात ते आधी लिहून काढा

आता खरं काम. बाकी सगळं नळजोडणीसारखं आहे, पाणी इथलं.

मी पहिल्यांदा पहिल्या पानावर 'कोकण होमस्टे', 'बेस्ट होमस्टे इन कोकण' असं चार-पाच वेळा घालून ठेवलं होतं. त्या शब्दांवर मोठ्या बुकिंग कंपन्या बसल्यात. त्यांच्याकडे हजारो पानं, हजारो परीक्षणं, पगारी माणसं. पाच पानांच्या साइटने तिथं डोकं आपटून उपयोग नाही. पण त्या कंपनीच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक नाही: पहाटे कुडाळ स्टेशनवर उतरलेल्या कुटुंबाने तीसेक किलोमीटरवरच्या मालवणला आणि तिथून देवबागला यायचं कसं. मला ठाऊक आहे, कारण तो फोन मीच उचलतो.

म्हणून एक वही घ्या आणि फोनजवळ ठेवा. दोन आठवडे प्रत्येक चौकशी, विचारणाऱ्याच्या शब्दांत, लिहून ठेवा. माझ्या वहीतले काही प्रश्न असे: किल्ल्याची होडी पावसात चालू असते का? आई-बाबांना गुडघेदुखी आहे, समुद्र किती पावलांवर? गाडी दारापर्यंत येते का? आम्ही शाकाहारी, मग आमचं काय? संगमावर भरती-ओहोटी कधी? मोबाइलला रेंज येते का, मला सोमवारी मीटिंग आहे. यातला प्रत्येक प्रश्न एक पान होऊ शकतो, निदान एक ठळक परिच्छेद तरी.

वही भरली की तेच प्रश्न गुगलच्या पट्टीत टाइप करायला घ्या आणि पुढचे शब्द गुगल काय सुचवतं ते बघा. निकालांच्या मध्ये लोक आणखी काय विचारतात त्याची चौकट येते, तीही उतरवून घ्या. 'गुगल ट्रेंड्स'वर कोणता शब्द वर्षाच्या कुठल्या महिन्यात जास्त शोधला जातो ते दिसतं.

आपली माणसं तीन तऱ्हांनी शोधतात हे लक्षात ठेवा: देवनागरीत, रोमन लिपीतल्या मराठीत, आणि इंग्रजीत. रोमनमध्ये गावांच्या नावांचाही ठिकाणा नाही. देवबाग कुणी 'यू' घालून लिहितं, कुणी न घालता. मालवणमधला 'व' कुणी 'व्ही'ने लिहितं, कुणी 'डब्ल्यू'ने. गुगलला बरेचसे भेद कळतात. तरी इंग्रजी पानावर दोन्ही रूपं एकेकदा वाक्यात सहज येऊ द्या. दहादा नको, ते वाचणाऱ्यालाही कळतं आणि गुगलच्या नियमांत त्याला शब्दांचा भरणा म्हणतात.

माझ्या आतेभावाची गोष्ट सांगतो. तो देवगडचा, घरच्या बागेतला हापूस पेटीने पाठवतो. त्याच्या साइटवर 'अस्सल देवगड हापूस, कोवळी चव, उत्तम दर्जा' हेच होतं, जे प्रत्येकाच्या साइटवर असतं. वहीत मात्र एक तक्रार पुन्हा पुन्हा येत होती: वरून आंबा सोन्यासारखा आणि कापला तर आत पांढरट, आंबूस, भुसभुशीत. म्हणजे साका. कुठला आंबेवाला साक्याबद्दल आपण होऊन लिहितो? याने लिहिलं. साका म्हणजे काय, तो बाहेरून का कळत नाही, तापलेल्या जमिनीच्या उष्णतेचा त्यात काय वाटा, आंबा झाडावर पूर्ण पिकू न देता चौदा आणे तयारीचा काढला तर तो कमी का होतो, आणि पेटीत साक्याचा आंबा निघालाच तर आपण भरपाई काय देतो. सोबत कापलेल्या आंब्याचे स्वतः काढलेले फोटो. आत्या म्हणाली, "आपल्याच आंब्याची बदनामी कित्याक करतस?" पण आता लोक त्याच पानावरून आत शिरतात आणि तिथूनच पेटीची चौकशी करतात.

तर पान लिहायचं कसं? उत्तर आधी. 'सह्याद्री आणि सिंधुसागर यांच्या कुशीत वसलेलं' ही सुरुवात खोडून टाका. होडीच्या पानाची माझी पहिली ओळ अशी आहे: सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी मालवणच्या जेटीवरून सुटते आणि पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, बंद असते. मग जेटीजवळ गाडी कुठे लावायची, उन्हात जायचं तर किल्ल्यावर किती वेळ धरायचा, लहान मूल असेल तर काय. किल्ल्याचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं हे सांगायला विकिपीडिया आहे. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात आल्यापासून इतिहास सांगणारी पानं तर उदंड झाली. तुम्ही ते लिहा जे जेटीवर उभं राहिल्याशिवाय लिहिता येत नाही.

एआयकडून पानं लिहून घ्यायचा मोह होईल. मसुदा सुधारायला, इंग्रजी तपासायला खुशाल वापरा. पण 'मालवण होमस्टे', 'वेंगुर्ला होमस्टे', 'आचरा होमस्टे' अशी गावाचं नाव तेवढं बदललेली वीस पानं काढून साइट भरू नका. केवळ क्रमासाठी ढिगाने बनवलेल्या मजकुराविरुद्ध गुगलने मार्च २०२४ मध्ये धोरण आणखी कडक केलं. आणि ज्या गावात तुमची खोलीच नाही त्या गावाचं पान कशाला?

शीर्षक, वर्णन, मथळा

माझ्या पाचही पानांचं टायटल 'होम' होतं. निकालात जी निळी ओळ दिसते ती बहुतेक वेळा या टायटलवरून येते. प्रत्येक पानाचं वेगळं टायटल हवं आणि महत्त्वाचे शब्द आधी हवेत, कारण लांबलं की मोबाइलवर शेपूट कापलं जातं. 'आमच्याबद्दल' ऐवजी 'देवबागमधलं घरगुती निवास: तीन खोल्या, समुद्र चालत दोन मिनिटं' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला तिथंच अर्धं उत्तर मिळतं. कधी कधी गुगल आपलं टायटल बदलून दाखवतं, मनावर घेऊ नका.

मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे कोडमध्ये लिहिलेलं पानाचं छोटं वर्णन, याने क्रम वाढत नाही. पण ते निळ्या ओळीखाली दिसू शकतं आणि माणूस दाबतो की पुढे जातो ते त्यावर ठरतं, म्हणून दोन सरळ वाक्यं लिहा. मेटा कीवर्ड्स नावाचा डबा अजून काही जण भरत बसतात. क्रम लावताना गुगल तो वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलंय. पानावर मुख्य मथळा एक, पोटमथळे हवे तितके. एवढं पुरे.

पानं एकमेकांना जोडा

होडीच्या पानावरून खोल्यांच्या पानाला लिंक, खोल्यांच्या पानावरून कुडाळहून येण्याच्या पानाला. लिंकचे शब्द 'येथे क्लिक करा' असे नकोत, 'कुडाळ स्टेशनहून देवबागला कसं यावं' असे हवेत. ज्या पानाला साइटवरच्या एकाही पानावरून वाट नाही, ते गुगललाही सहसा सापडत नाही.

फोटो आणि वेग

कोल्हापूरचा पाहुणा फोंडा घाट उतरताना मागच्या सीटवरून तुमची साइट उघडतो. मोबाइलला एक काडी रेंज. तुम्ही पहिल्या पानावर सूर्यास्ताचा पाच एमबीचा फोटो लावलाय. घाट संपतो, फोटो येत नाही, पाहुणा दुसऱ्याच्या साइटवर जातो. गुगल आता साइट मोबाइलच्या नजरेनेच वाचतं. तो बदल २०१६ मध्ये जाहीर झाला आणि २०२३ मध्ये पुरा झाला. म्हणजे लॅपटॉपवर साइट कितीही देखणी असली तरी हिशेब फोनवरचा.

फोनच्या कॅमेऱ्यातला फोटो चार हजार पिक्सेल रुंद असतो, साइटला बाराशे ते सोळाशे पुरतात. 'स्क्वूश' नावाचं फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं. त्यात फोटो ओढून टाका, रुंदी कमी करा, 'वेबपी' प्रकारात जतन करा. बहुतेक फोटो दोनशे केबीच्या आत बसतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. कोडमध्ये प्रत्येक फोटोची रुंदी-उंची लिहा, म्हणजे फोटो येईपर्यंत तेवढी जागा राखली जाते आणि वाचताना मजकूर उड्या मारत नाही. खालच्या फोटोंना 'लेझी लोडिंग' द्या, म्हणजे वाचणारा तिथवर आल्यावरच ते उतरतात, पण सगळ्यात वरच्या फोटोला देऊ नका, तो उलट उशिरा येतो. देवनागरी फॉन्टच्या फाइली रोमनपेक्षा जड असतात. एकच फॉन्ट आणि दोन वजनं, साधं आणि ठळक, एवढ्यावर भागवा.

मग 'पेजस्पीड इनसाइट्स'वर पत्ता टाकून बघा. तिथं तीन आकडे महत्त्वाचे: पानातला सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, आणि मजकूर हलण्याचं माप ०.१ च्या आत असावं. शंभरपैकी शंभर गुण मिळवायच्या मागे लागू नका. मी लागलो होतो, एक अख्खा श्रावण त्यात गेला आणि क्रमात केसभरही फरक पडला नाही.

प्रत्येक फोटोला 'ऑल्ट' वर्णन, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी कोडमधली ओळ, लिहा. 'आयएमजी ००४२' नको. 'अंगणातून दिसणारी कर्ली नदीची खाडी, सकाळची ओहोटी' असं लिहा.

नकाशावरची नोंद

आमच्यासारख्या धंद्याला वेबसाइटइतकीच, काही वेळा जास्त, मदत 'गुगल बिझनेस प्रोफाइल'ची होते. २०२१ पर्यंत याचं नाव 'माय बिझनेस' होतं. माणूस मालवणात पोचून 'जवळची राहायची सोय' शोधतो तेव्हा वर नकाशा येतो. त्या नकाशातला क्रम तीन गोष्टींवर ठरतो असं गुगल सांगतं: तुमचा व्यवसाय त्या शोधाशी किती जुळतो, शोधणाऱ्यापासून अंतर किती, आणि तुमचं नाव किती परिचित आहे. अंतर आपल्या हातात नाही, बाकी दोन आहेत.

नाव पाटीवर आहे तेच लिहा. 'गजानन निवास बेस्ट सी फेसिंग होमस्टे तारकर्ली मालवण' असं लांबण लावणं नियमाविरुद्ध आहे आणि कुणी तक्रार केली तर नोंद निलंबित होऊ शकते. प्रकार अचूक निवडा. पडताळणीसाठी हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, आतली खोली, आणि जागा तुमच्या ताब्यात आहे हे दाखवणारं काही. पाटी लावली नसेल तर आधी पाटी लावा.

पिन स्वतः हलवून बरोबर दारावर ठेवा. आपल्या वाड्यांना घरनंबर असून नसल्यासारखे. एकदा आमची पिन खाडीत होती आणि रात्री अकरा वाजता पुण्याची गाडी पाण्याच्या कडेला येऊन थांबली. नकाशावर बोट दाबून धरलं की 'प्लस कोड' मिळतो, काही अक्षरं आणि आकडे. ज्या घराला धड पत्ता नाही त्याला हाच पत्ता. तो साइटवर लिहा, पाहुण्याला पाठवा.

नाव, पत्ता, फोन तिन्ही ठिकाणी एकसारखे ठेवा, म्हणजे साइटवर, प्रोफाइलवर आणि फेसबुकवर. परीक्षण मागायला लाजू नका, पण त्याबदल्यात सोलकढी फुकट देऊ नका, मोबदल्यात परीक्षण हे धोरणाविरुद्ध आहे. वाईट परीक्षण आलं तर दुसऱ्या दिवशी, राग निवल्यावर, उत्तर द्या. पुढचा पाहुणा परीक्षणाइतकंच तुमचं उत्तर वाचतो.

जमलं तर साइटच्या कोडमध्ये 'लॉजिंग बिझनेस' प्रकारचा स्ट्रक्चर्ड डेटा घाला. नाव, पत्ता, फोन, अक्षांश-रेखांश यंत्राला कळेल अशा साच्यात. 'रिच रिझल्ट्स टेस्ट'वर तपासा. स्वतःच्या साइटवर स्वतःलाच पाच तारे लावून ते निकालात दिसतील ही आशा मात्र सोडा, व्यवसायांच्या बाबतीत गुगलने ते २०१९ पासून बंद केलंय.

दुसऱ्यांनी तुमच्याकडे बोट दाखवावं

दुसऱ्या साइटवरून येणारी लिंक म्हणजे एक प्रकारची शिफारस, ही कल्पना गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांच्या मूळ पेजरँकमध्ये, म्हणजे पानांना वजन देण्याच्या पद्धतीतच होती. ती अजून टिकून आहे. पण शिफारस कुणाची, याला किंमत आहे.

एके दिवशी मला फोन आला. तीस दिवसांत पहिल्या पानावर, पाचशे बॅकलिंक, आठ हजार रुपये फक्त. मी भरले. लिंका आल्या त्या कुठल्या तरी परदेशी जुगाराच्या आणि औषधांच्या साइटवरून. क्रम जिथं होता तिथंच राहिला, फोन मात्र लागेनासा झाला. क्रमासाठी लिंका विकत घेणं गुगलच्या धोरणाविरुद्ध आहे आणि पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलच्याच पानावर लिहिलेलं मी पैसे गेल्यावर वाचलं.

चालणाऱ्या लिंका गावातच असतात. स्कुबावाल्याची साइट आहे, त्याला विचारा. तुम्ही पाहुणे त्याच्याकडे पाठवताच. शाळेची साइट, तालुक्याच्या पर्यटन संघाची यादी, ज्या पाहुण्याने प्रवासाचा ब्लॉग लिहिलाय तो. दशावताराच्या नाटकांचं वेळापत्रक किंवा जत्रांच्या तारखा नीट जमवून पानावर ठेवल्या तर लोक आपण होऊन त्या पानाकडे बोट दाखवतात. अशा चार लिंका त्या पाचशेंना भारी.

महिन्यातून एकदा सर्च कन्सोल उघडा

रोज नको, रोज बघून वेड लागतं. 'परफॉर्मन्स' भागात मागच्या सोळा महिन्यांपर्यंतचा हिशेब मिळतो: कोणत्या शब्दांवर तुम्ही किती वेळा दिसलात, किती जणांनी दाबलं, सरासरी क्रम काय. दोन प्रकारच्या ओळी शोधा. दिसता खूप पण दाबत कुणी नाही, तिथं टायटल आणि वर्णन बदला. क्रम आठ ते वीसच्या मध्ये अडकलाय, तिथं पानावर काय कमी आहे ते बघा. वर असलेली पानं उघडून वाचा, त्यांनी कुठला प्रश्न सोडवलाय जो तुम्ही सोडवला नाही?

भारतात ऑगस्ट २०२४ पासून काही शोधांवर गुगल वरच एआयने तयार केलेलं उत्तर देतं. होडी कधी बंद असते हे तिथंच कळलं तर माणूस तुमच्या पानावर कशाला येईल? काही येणार नाहीत. पण खोली बघायला, दर विचारायला, अंगणाचा फोटो बघायला यावंच लागतं, म्हणून माहितीच्या प्रत्येक पानावरून या गोष्टींकडे वाट असू द्या.

हंगाम सांभाळा. आंब्याचं पान एप्रिलमध्ये लिहून त्या एप्रिलला उपयोग नाही, जानेवारीतच तयार हवं. दर वर्षी नवं पान काढू नका. पत्ता तोच ठेवून दर आणि तारखा बदला, म्हणजे जुनी पत जाग्यावर राहते. बदल मोठा असेल तर यूआरएल इन्स्पेक्शनमधून पुन्हा नोंद घेण्याची विनंती करा.

केलेल्या सुधारणांचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागू शकतं, असं गुगल स्वतः सांगतं. माझं पहिलं अनोळखी बुकिंग नोइंडेक्सची ओळ काढल्यानंतर पाचव्या महिन्यात आलं. सांगलीचं कुटुंब, आजी सोबत. फोनवर पहिलाच प्रश्न होता, "समुद्र खरंच दोन मिनिटांवर आहे का, की असंच लिहिलंय?" मी आजीच्या चालीने मोजायला गेलो तर पाच मिनिटं झाली. संध्याकाळी टायटल बदललं.